झाकण उघडंच होतं

नगरला सध्या मी ज्या घरी कामाला आहे, तिथल्या आजोबांचा टीव्ही परवा दुपारी मधेच बंद पडला. सूनबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "गेला वाटतं." नातवानं निकाल दिला, "जुना झालाय, फेकून द्या." मी आजोबांचे पाय चोळत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बंद पडायच्या आधी काय केलं होतं? आवाज आधी गेला का चित्र? का दोन्ही एकदम?" तिघंही माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात टीव्ही आपोआप लागला आणि माझे प्रश्न तसेच हवेत राहिले. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली. आपण जास्त बोललो का? यांना राग तर आला नसेल? माझं असंच होतं. कुणी नुसतं वळून बघितलं तरी मी मनातल्या मनात माफी मागून मोकळी होते.

खरं तर ते प्रश्न माझे नव्हतेच. ते एका बाईंचे होते, आणि ज्या दिवसांत त्यांनी ते मला दिले, तेच दिवस पुन्हा आलेत. सकाळी गॅलरी झाडावी तर कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं केराबरोबर येतात. रस्त्यानं गहू काढायची मशिनं जातात आणि मागं भुशाचा धुरळा राहतो, तो डोळ्यांत जातो. कोपऱ्यावरच्या चर्चच्या फाटकाला ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या प्रार्थनांचा फलक लागलाय. बसमधून जाताना तो वाचता वाचता काल माझा स्टॉप निघून गेला. पुढच्या स्टॉपवर उतरून उन्हातून मागं चालत आले. आले तरी कुठं, पुन्हा त्याच फाटकापाशी येऊन उभी राहिले.

मी भंडाऱ्याकडची. तिकडं तळी आहेत, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत, उन्हाळ्यात तेंदूची पानं आहेत. आठवीत माझी शाळा सुटली. मी सोडली नाही, ती सुटली. माय विड्या वळायची, तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि तंबाखूचं सूप तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर आलं. पुढं आजाऱ्यांची सेवा शिकवणाऱ्या एका संस्थेत गेले, आणि त्या संस्थेनं मला इतक्या लांब, राहात्याजवळच्या एका गावात एस्तरबाईंच्या घरी पाठवलं.

एस्तरबाई मिशनच्या शाळेत जन्मभर शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. घशाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. गळ्याला पुढं एक छिद्र होतं, त्यातून त्या श्वास घ्यायच्या. त्याच्यावर मलमलीचा पांढरा रुमाल बांधलेला असायचा. तो रुमाल धुणं, छिद्राभोवतीची कातडी हलक्या हातानं पुसणं, वाफ देणं, चमच्या-चमच्यानं पातळ भरवणं, हे माझं काम. पहिल्या दिवशी माझं फडकं छिद्राजवळ जायचं आणि परत मागं यायचं. बाईंनी माझं मनगट धरलं, स्थिर केलं आणि मान हलवली, म्हणजे चालू दे. अशा पद्धतीनं मला तोवर कुणी धीर दिला नव्हता.

त्यांच्याजवळ पाटी होती, शाळेतलीच, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूनं लिहून त्या बोलायच्या. मग पुण्याच्या भाच्यानं आपला जुना लॅपटॉप आणून दिला. त्याच्यात मशीन चालवणारं लिनक्स घातलेलं होतं. ते फुकट असतं आणि जुन्या मशीनवरही पळतं, एवढं मला त्यानं सांगितलं. त्याच्यात एक प्रोग्राम होता. मराठीत लिहायचं, बटण दाबायचं, की मशीन ते वाचून दाखवायचं. आवाज पुरुषाचा, सपाट, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

बाईंची धाकटी बहीण, रूथमावशी, शेजारच्याच घरात राहायची. नवरा वारलेला, शेती स्वतः बघायची. मशीन पहिल्यांदा बोललं तेव्हा ती दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. "आगं अक्का, जल्मभर लगीन केलं न्हाई, आन् आता ह्यो कोन पुरुष मानूस बोलतोय तुझ्या मांडीवरनं?"

बाईंनी शांतपणे काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं. मशीन म्हणालं, "रूथ, तुझा चहा गार होतोय."

मावशी हसत हसत खालीच बसली. त्या दिवसापासून मशीनचं नाव पडलं दाजी. "दाजी उठले का?" "दाजींला चार्जिंगला लावलं का गं, वनिता?" गावातल्या बायका भेटायला यायच्या त्यासुद्धा आधी दाजींची चौकशी करायच्या. बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जो रंग यायचा, तो मी अजून विसरलेले नाही. आवाज गेलेल्या माणसाची कुणी चेष्टा करत नाही. सगळे जपून, हळू, मोठ्या गांभीर्यानं बोलतात. दाजी आले आणि बाईंची चेष्टा परत आली.

गुड फ्रायडेला त्यांच्या चर्चमध्ये दुपारभर प्रार्थना असते. क्रुसावरची सात वचनं, आणि प्रत्येकावर एकेक माणूस बोलतो. सगळे काही पाळक नसतात. एखादी नर्स, एखादा शेतकरी, एखादा मास्तर असतो. पाचवं वचन तहानेचं, 'मला तहान लागली आहे.' ते कित्येक वर्षं बाईंचं होतं. ऑपरेशनच्या वर्षी ते दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मी होते त्या वर्षी उपवासकाळ लागायच्या सुमारास पाळकसाहेब घरी आले. भिडस्त माणूस. टोपी हातात फिरवत म्हणाले, "बाई, तुम्ही नुसतं लिहून द्या. आमच्या मिसेस वाचतील. लोकांना तुमचेच शब्द ऐकायचेत."

बाईंनी पाटी घेतली. लिहिलं: तिनं वाचलं तर ते तिचं होईल. मी बोलेन.

आणि लॅपटॉपवर हात ठेवला. पाळकसाहेब टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, "बरं. पाचवं वचन तुमचं."

त्यानंतर लगेचच दाजी झोपायला लागले.

बाई लिहायला बसायच्या. अर्धी ओळ झाली की पडदा काळा. हात उचलून वाट बघितली की परत उजेड यायचा. पुन्हा दोन शब्द, पुन्हा काळं. मी मांडीवर घेऊन टाइप करून बघितलं. माझं नाव, मायचं नाव, गावातल्या सगळ्या तळ्यांची नावं लिहिली. मशीन टक्क जागं. बाईंच्या मांडीवर ठेवलं की झोपलं. "दाजी रुसलेत," मावशी म्हणाली, "अक्कानं कायतरी टोचून बोललं आसंल." बाई हसल्या नाहीत. त्यांना ते वचन लिहायचं होतं, आणि त्यांच्या अंगातली ताकद कशी कमी होत चाललीय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

माझ्या जिवाचं तर पाणी पाणी झालं होतं. कारण त्याच आठवड्यात पडद्यावर अपडेट करायचं का म्हणून विचारणारी चौकट आली होती, आणि मी 'होय' दाबलं होतं. कुणी 'होय' म्हणा म्हटलं की मला 'नाही' म्हणता येत नाही. मला जेवण जाईना. भाच्याला फोन लावून रडवेल्या आवाजात सांगितलं, "चालत नाही हो."

"मग बंद करून चालू करा," तो म्हणाला.

बाईंनी हे ऐकलं. पाटी पुसली आणि लिहिलं: 'चालत नाही' ही तक्रार नव्हे. ते रडणं झालं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं सांग. आणि सगळ्यात आधी हे शोध की कधी होतं आणि कधी होत नाही.

भाच्यानं मग एक पत्ता पाठवला. लिनक्स बनवणारी माणसं जगभर विखुरलेली असतात, आपापलं काम सांभाळून करतात, आणि तिथं कुणीही जाऊन तक्रार नोंदवू शकतं. चुकीला ते बग म्हणतात, म्हणजे किडा. तक्रार इंग्रजीत लिहायची होती. बाईंना इंग्रजी येत होतं, मला मोबाईलवर बोट चालवता येत होतं. पण बाईंनी आधी मला मराठीत लिहायला लावलं. मी लिहिलं की आमच्या बाई फार आजारी आहेत, मशीन फार त्रास देतं, आम्ही साधी माणसं आहोत, चूक झाली असेल तर क्षमा करावी आणि कृपा करून मदत करावी. बाईंनी खडू उचलला आणि एकेक करत सगळं खोडलं. फक्त 'मशीन' हा शब्द शिल्लक राहिला. मग माझ्याकडं बघून मिश्कील मान हलवली. म्हणजे, हां, आता कर सुरुवात.

दुपारी वाफ देऊन झाली की आम्ही बसायचो. पाटीवर त्या लिहायच्या, मी मोबाईलमध्ये उतरवायचे, ओल्या फडक्यानं पाटी पुसायचे. ओल्या दगडाचा आणि खडूचा तो वास मला आठवीनंतर पहिल्यांदा आला. मावशी दारात कांद्याची पात निवडत बसायची. "दाजींची जन्मपत्री लिवा आता," म्हणायची.

उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातला माणूस होता. त्याच्या पत्रात माझं नाव होतं आणि सुरुवातीला आभार होते. आभार, मला! त्यानं सांगितलेली एक ओळ मी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर बघून लिहिली, आणि मशीननं आपली रोजनिशी बाहेर ओतली. केव्हा काय झालं ते सगळं मशीन आत लिहून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. त्यात पुन्हा पुन्हा एकच होतं. झाकण बंद झालं. झोपतो आहे. झाकण उघडलं. झाकण बंद झालं.

"आता बया," मावशी म्हणाली, "डोळ्यांदेखत झाकन उघडं हाय आन् ह्यो म्हनतो बंद! लबाड हाय ह्यो लई."

बाईंनी लिहिलं: लबाड नाही. त्याला तसं खरंच वाटतंय.

हे वाक्य माझ्या मनात फार दिवस फिरत राहिलं. उघडं असून बंद वाटणं. आमच्या गावाकडून मायचा फोन यायचा. ती विचारायची, "बरी आहेस ना पोरी?" मी "हो" म्हणायचे आणि पुढं काही सुचायचं नाही. दोन्ही बाजूंनी फोन चालू, आणि कुणीच बोलत नाही. तिला वाटायचं पोरगी लांब गेली, बदलली. मी तर तशीच होते.

त्या माणसानं सुचवलं की झाकणाकडं लक्षच देऊ नकोस, असं मशीनला सांगून ठेवा. पण ते सांगायला मोठा पासवर्ड लागत होता आणि भाच्याला तो आठवेना. "ईस्टरला येतो, सगळं नवीन घालून देतो," तो म्हणाला. ईस्टरला! गुड फ्रायडे त्याच्या आधी येतो, हे त्याला सांगायचीही बाईंनी मला मनाई केली.

मग प्रश्न सुरू झाले. हे दुसऱ्या कुणाच्या हातून होतं का? चार्जरची वायर काढल्यावर होतं का? टेबलावर ठेवलं तर? त्या तळहात कुठं टेकवतात? हातात घड्याळ, अंगठी, काही दागिना आहे का? बाईंनी ताठ अक्षरांत उत्तर दिलं: नाही, हा उपवासकाळ आहे.

ते खरंच होतं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी बाई अंगावरचं सगळं काढून ठेवायच्या. गळ्यातली बारीक साखळी तर ऑपरेशनपासून नव्हतीच, पण कानातले, वडिलांचं मनगटी घड्याळसुद्धा, सगळं बिस्किटाच्या डब्यात. ईस्टरला परत अंगावर. लहानपणापासूनची रीत. त्यामुळं त्यांच्या उत्तरात शंकेला जागा नव्हती, आणि त्या माणसानंही ते मानलं. तो दुसरीकडं शोधायला लागला. आम्हीही.

आम्ही उशी बदलली. खाट बदलली. मी माझा उजवा हात मागं बांधून नुसत्या डाव्या हातानं टाइप केलं. बाईंनी हातमोजे घालून बघितले. प्रत्येक वेळी काय केलं, काय झालं ते लिहायचं, पाठवायचं. बाहेर पाटाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं. मावशी फावडं घेऊन पहाटेच उसाला पाणी धरायला जायची, पाय चिखलानं भरलेले घेऊन परतायची आणि पहिलं विचारायची, "सापडला का किडा?" रोज एखादीच ओळ पुढं सरकायची. एका वाक्याला बाईंना इतक्या वेळा थांबावं लागायचं की वाक्य सुरू कुठं केलं होतं तेच हरवायचं. खोकला आला की गळ्यातून शीळ वाजायची. मी रुमाल बदलायचे. त्या डोळे मिटून बसायच्या, बोटं तेवढी मांडीवर हलत राहायची, काहीच नसलेल्या बटणांवर.

एका सकाळी मी त्यांना साडी नेसवत होते. मोबाईलवर त्या माणसाचा नवा प्रश्न आलेला होता, तो मी ओठ हलवत, अडखळत वाचत होते. मोबाईलच मराठीत भाषांतर करून द्यायचा. की-बोर्डच्या डाव्या कोपऱ्याजवळ एखादं लोहचुंबक येतं का? अगदी लहानसं, पर्सच्या बटणातलं वगैरे? पदराला लावायला मी नेहमीसारखी बाईंच्या डाव्या मनगटावरून पिन ओढून घेतली, आणि माझा हात तिथंच थांबला.

मनगटावर काळ्या मण्यांचं कडं होतं. मावशीनं राहात्याच्या बाजारातून आणलं होतं, बीपीसाठी, चुंबकाचं. उपवासकाळ लागायच्या तोंडावरच. त्याला पिना आपोआप चिकटायच्या, म्हणून आम्ही सगळ्याजणी त्याचा पिना ठेवायला उपयोग करत होतो. रोज. मावशी तर येईल त्या बाईला कौतुकानं दाखवायची, "बगा, पडत न्हाईत!"

मी कडं काढून लॅपटॉपच्या कोपऱ्याजवळ नेलं. काळं. लांब केलं. उजेड. जवळ. काळं. बाई बघत राहिल्या, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या. आवाज नसलेलं हसू. गळ्याच्या छिद्रातून फुसफुस हवा येत होती आणि डोळ्यांतून पाणी. झाकणात एक चुंबक असतो आणि खालच्या भागात तो ओळखणारा तुकडा असतो; तो जवळ आला की मशीन समजतं, झाकण लागलं, झोपा आता. हे आम्हाला नंतर त्या माणसानं समजावून सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की आम्ही त्याला खरं उत्तर दिलं होतं आणि तेच आडवं आलं होतं. दागिना नाही, हे खरं होतं. कड्याला दागिना कोण म्हणेल? ते औषध होतं.

मावशीला बोलावलं. तिनं कपाळावर हात मारला. "म्हंजी दाजींला मीच झोपवत हुते व्हय?" पण कडं काढायला ती तयार होईना. "बीपी चडलं म्हंजी? दाजीपायी अक्काला मारू का? न्हाई, मी न्हाई काढू द्यायची."

बाईंनी पाटीवर एकच शब्द लिहिला: पायात.

मावशीनंच खाली बसून कडं बाईंच्या घोट्यावर चढवलं. "ऱ्हाऊ दे तितं. चालंल. रगत तर पायात बी आसतंच."

त्या माणसानं तक्रार बंद केली आणि तिच्यावर शेरा मारला की ही चूक नाही. तो वाचून मला वाईट वाटलं. इतके दिवस आम्ही जे भोगलं ते काय नव्हतंच? बाईंना तसं विचारलं. त्यांनी लिहायला वेळ घेतला. अक्षर आता तिरकं जायला लागलं होतं. याहून चांगलं उत्तर काय असतं, वनिता? शोधून बघितलं आणि कुणाचीच चूक निघाली नाही. तुझीही नाही.

मी 'होय' दाबलं होतं ते त्यांना माहीत होतं. मी कधी सांगितलं नव्हतं. पाटी पुसायचं माझं काम, पण त्या दिवशी ती पाटी मी पुसली नाही, दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुसली. घरातलं दूध नासलं, बापाला ताप आला, मायची बोटं गेली, कशाचंही काहीही झालं तरी ते आपल्यामुळं असणार असं मानतच मी मोठी झाले होते. एवढी माणसं कामाला लागून, पुरावे मागून, तुझी चूक नाही असं मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. त्या माणसाचा चेहराही मला माहीत नाही. शेवटी त्यानं लिहिलं होतं, त्या बोलू शकल्या तर मला कळवा.

गुड फ्रायडेच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला आणि बाई लिहायला बसल्या. दाजी टक्क जागे. बोटं बटणांवर पडायचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, पत्र्यावर थेंब पडावेत तसा, थांबून थांबून. मला वाचू देत नव्हत्या. जवळ गेलं की पडदा हातानं झाकायच्या, पोरांनी पेपरात झाकावा तसा. मी चमच्यानं पाणी पाजायचे आणि परत जायचे.

मग बुधवारी ताप भरला. श्वास वर लागला. डॉक्टर येऊन म्हणाले, मोठ्या दवाखान्यात हलवा. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि तीच हलवत राहिल्या, ते निघून जाईपर्यंत. गुरुवारी त्यांनी लॅपटॉप मागितला. मी मांडीवर ठेवला. बोटं बटणांवर ठेवून त्या बसून राहिल्या. पडद्यावर ती उभी रेघ मिचमिचत होती, पुढचं अक्षर कधी येतंय म्हणून. महिनाभर आम्ही ज्याच्यासाठी धडपडलो ते मशीन आता झोपायचं नाव घेत नव्हतं. बाईंचे डोळे मिटत होते.

शुक्रवारी पाळकसाहेब आले. खाटेजवळ उभे राहिले. "बाई, मिसेसना वाचू दे का?" बाईंनी मान हलवली, नाही. लॅपटॉपकडं बोट केलं. मग माझ्याकडं.

मी त्यांच्या धर्माची नव्हते, गावाची नव्हते. शाळेचं म्हणाल तर त्यांच्या चर्चमधल्या पोरीसुद्धा माझ्याहून शिकलेल्या. सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हटल्यावर मी खाटेची कड सोडेना. मावशीनं मला दारापर्यंत ढकललं. "जा गं. बटन तर दाबायचंय. मी हाय हितं हिच्यापाशी. खिडकी उघडते, भोंग्यातनं आयकू येतंय सगळं."

चर्चमध्ये उकाडा होता. सकाळपासून कुणी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पुरुषांचे पांढरे सदरे पाठीला चिकटलेले, बायकांच्या हातात प्रार्थनेच्या कागदांचे पंखे. पाचव्या वचनाला पाळकसाहेबांनी बाईंचं नाव घेतलं आणि मी लॅपटॉप घेऊन पुढं गेले. एकानं माईक धरला. मी बटण दाबलं.

तो सपाट, पत्र्याचा आवाज म्हणाला:

"वर्गात मुलं उभी राहायची आणि विचारायची, बाई, पाणी पिऊन येऊ का? मी म्हणायचे, तास संपल्यावर. माठ समोरच व्हरांड्यात होता. ओगराळं माठावर आपटल्याचा आवाज वर्गात यायचा. मला वाटायचं, मी मुलांना थांबायला शिकवते आहे. तहान म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. आता मला पाणी चमच्यानं मिळतं. जी मुलगी ते देते ती मला एकदाही म्हणालेली नाही, थांबा. तिची शाळा लवकर सुटली. तिला हे कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी तर शिकवलं नसतं. आज ती सगळी मुलं माझ्या दारात उभी दिसतात. मला त्यांना सांगायचं आहे की"

आणि मशीन थांबलं.

मी पडद्याकडं बघितलं. मशीन जागंच होतं. पुढं काही नव्हतंच. समोर बाकांवर बसलेली अर्धीअधिक माणसं त्याच वर्गात बसून मोठी झालेली होती. कागदांचे पंखे थांबले. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, आणि मग सहावं वचन घ्यायला सांगितलं.

बाई ईस्टरच्या आदल्या दिवशी गेल्या. त्या माणसाला मी कळवलं, हो, बोलल्या. तेवढंच. त्याहून जास्त इंग्रजी मला येत नव्हतं, आणि मराठीतही आलं नसतं.

कडुलिंब फुलला की दरवर्षी मी तेच शोधायला बसते. कडं आधी सापडलं असतं तर? अजून थोडे दिवस हाताशी असते तर ते वाक्य पुरं झालं असतं. मग बाईंचं तिरकं अक्षर आठवतं, कुणाचीच चूक निघाली नाही. ते खरं आहे. पण चूक कुणाची नसली म्हणून गेलेले दिवस परत येत नाहीत. आणि गेलेले म्हणावेत तर त्याच दिवसांत मी दुपारभर त्यांच्याशेजारी बसून खडूचा वास घेत होते, त्यांच्या पाटीवरून शिकत होते. तक्रार कशी करायची ते शिकले. ही तक्रार कुठं नोंदवायची, ते मात्र अजून कळलेलं नाही.

माती झाली, पाहुणे पांगले, आणि संस्थेनं मला दुसऱ्या घरी बोलावलं. मावशी मला राहात्याच्या स्टँडवर सोडायला आली. भर दुपार होती, रसवंतीची घुंगरं वाजत होती. तोवर आम्ही शुक्रवारबद्दल बोललो नव्हतो. मीच विचारलं, "घरी ऐकू आलं होतं का हो, मावशी?"

"आलं की. सबुद न् सबुद. दाजी बोलत हुते आन् हिचे ओठ त्येंच्याबरूबर हालत हुते. पाठ हुतं तिला समदं."

"मग मशीन थांबलं."

"व्हय. दाजी थांबले." मावशीनं पदराच्या टोकाला गाठ मारली, परत सोडली. "ही न्हाई थांबली गं. लई येळ हालत हुते ओठ."

"काय म्हणत होत्या?"

"मी कान लावला पार तोंडापाशी," मावशी म्हणाली. "नुसता वारा येत हुता."